पट्टीवरची दुसरी रेघ

प्लास्टिकची बोटभर लांब पट्टी. एका टोकाच्या खळग्यात रक्ताचे दोन-तीन थेंब, त्यावर कुपीतल्या द्रावाचे थेंब, आणि दहा मिनिटांत मधल्या खिडकीत रेघा उमटू लागतात. ‘सी’ या अक्षरासमोरची रेघ उमटायलाच हवी. ती आली नाही तर पट्टीच बाद. ‘टी’समोर दुसरी रेघ आली, मग ती कितीही पुसट असो, की दवाखान्यातले बोलणे बदलते. तोवर चर्चा चाललेली असते ती या मांजराचा ताप कशाने उतरेल, लाळ का गळते, ते जेवत का नाही याची. रेघ दिसल्यावर सुरू होते ती ‘याला ठेवायचे का?’ याची. मांजर मात्र तेच असते, टेबलावर अंग चोरून बसलेले. ज्या पुस्तकासाठी ही प्रस्तावना लिहितो आहे, त्याचा विषय मांजरांची प्रतिकारशक्ती पोखरणारे दोन विषाणू आणि अशा मांजरांवरचे उपचार हा आहे. मला त्यात एकच मुद्दा लावून धरायचा आहे. या उपचारात विषाणूवरच्या औषधाचा वाटा लहान आहे. मांजर कुठे राहते, किती गर्दीत राहते, त्याच्या तोंडाकडे आणि वजनाकडे कोण लक्ष ठेवते, याचा वाटा त्याहून पुष्कळ मोठा आहे. तसे असेल तर दुसरी रेघ ही उपचाराची सुरुवात ठरायला हवी. व्यवहारात ती बहुधा शेवट ठरते.

विषाणू दोन आहेत, आणि त्यांची गल्लत करण्यापासूनच चुकांना सुरुवात होते. पहिल्याचा शोध १९६४ सालचा. ग्लासगो विद्यापीठातले पशुवैद्यक विल्यम जॅरेट यांच्यासमोर एकाच घरातल्या अनेक मांजरांना लसीका ग्रंथींचा कर्करोग झाल्याचे प्रकरण आले. कर्करोग एकाकडून दुसऱ्याला जातो ही कल्पना तेव्हा सहजी कोणाला पटणारी नव्हती. पण घर एक, अन्नपाणी एक आणि गाठी अनेकांना, हे योगायोगाने कसे व्हावे? त्या गाठींच्या पेशींत इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली विषाणूचे कण दिसले. हाच एफईएलव्ही, म्हणजे मांजरांचा ल्युकेमिया विषाणू. नाव थोडे फसवे आहे, कारण त्याच्यामुळे आजारी पडणारी कितीतरी मांजरे ल्युकेमियाने जात नाहीत. अस्थिमज्जा दबून रक्त कमी होते, प्रतिकारशक्ती खचते, आणि मग एखादा साधा संसर्गही त्यांना पुरतो. दुसरा विषाणू सापडला १९८६ साली. कॅलिफोर्नियातल्या पेटालुमा गावी अनेक मांजरे एकत्र सांभाळणाऱ्या एका ठिकाणी मांजरे खंगत होती, हिरड्या सुजत होत्या, जुलाब थांबत नव्हते, आणि ल्युकेमिया विषाणूची तपासणी तर निर्दोष येत होती. डेव्हिस इथल्या विद्यापीठात नील्स पेडरसन आणि जॅनेट यामामोटो यांनी त्यांच्या रक्तातून एक नवा विषाणू वेगळा काढला आणि १९८७च्या फेब्रुवारीत ‘सायन्स’मध्ये तो जगापुढे ठेवला. तो एचआयव्हीच्या कुळातला निघाला: पेशीत शिरून वर्षानुवर्षे दबा धरून बसणारा, प्रतिकारशक्तीच्या टी पेशी सावकाश कमी करत नेणारा. त्याचे आजचे नाव एफआयव्ही.

एचआयव्ही सापडून तेव्हा जेमतेम तीन वर्षे झाली होती आणि एड्सच्या भीतीने जग हादरलेले होते. ती भीती जशीच्या तशी मांजरांच्या अंगावर येऊन पडली. ‘मांजरांचा एड्स’ हा शब्द तेव्हापासून रूढ झाला आणि आजही दवाखान्यात समजावून सांगण्याची सोपी वाट म्हणून तो सर्रास वापरला जातो. मला तो शब्द घातक वाटतो. एफआयव्ही माणसाला होत नाही, ल्युकेमिया विषाणूही होत नाही, पण ‘एड्स’ हा शब्द कानावर पडला की हे वाक्य ऐकायला कोणी थांबत नाही. घरात लहान मूल असेल तर मांजराची रवानगी त्याच संध्याकाळी होते. शिवाय त्या शब्दात रोगाचा शेवट आधीच सांगून टाकलेला असतो, आणि तोही औषधे निघण्यापूर्वीच्या काळातला. एफआयव्ही झालेले मांजर सुरुवातीला काही दिवस किंवा आठवडे तापते, गाठी सुजतात, आणि मग बहुतेक वेळा अनेक वर्षे त्याला काहीच होत नाही. काही मांजरे म्हातारपणी मूत्रपिंडाच्या विकाराने किंवा इतर कशाने जातात आणि विषाणू त्यांच्या अंगात तसाच राहून जातो.

आता पट्टी नेमके काय पाहते ते समजून घेतले पाहिजे, कारण निम्मा गोंधळ इथला आहे. ल्युकेमिया विषाणूची तपासणी खुद्द विषाणूचे एक प्रथिन शोधते. एफआयव्हीची तपासणी विषाणू शोधत नाही. मांजराच्या शरीराने त्याच्याविरुद्ध तयार केलेली प्रतिद्रव्ये शोधते. या फरकाचे परिणाम दूरगामी आहेत. एफआयव्ही असलेल्या भाटीच्या पिल्लांना तिच्या दुधातून प्रतिद्रव्ये मिळतात, आणि सहा महिन्यांच्या आतल्या पिल्लाची दुसरी रेघ पुष्कळदा त्याची स्वतःची नसून आईची असते. त्या पिल्लाला प्रत्यक्षात संसर्ग नसण्याचीच शक्यता अधिक; सहा महिने उलटल्यावर पुन्हा तपासले की रेघ बहुधा गायब झालेली असते. अमेरिकेत २००२ साली एफआयव्हीची लस आली तेव्हा लस टोचलेली मांजरेही या पट्टीवर बाधित दिसू लागली, आणि खरी बाधा कोणती, लसीची खूण कोणती हे ओळखणे इतके अवघड झाले की लशीच्या उपयोगापेक्षा हा उपद्रवच गाजला. पुढे ती लस त्या देशातून बंद झाली. उलट बाजूने, कालच चावा बसलेल्या बोक्याची पट्टी आज निर्दोष येते, कारण प्रतिद्रव्ये तयार व्हायला आठवडे लागतात. दोन महिन्यांनी पुन्हा तपासल्याखेरीज त्या निर्दोषपणाला अर्थ नाही.

याहून महत्त्वाचा मुद्दा साध्या अंकगणिताचा आहे. २००४ साली उत्तर अमेरिकेत १८,०३८ मांजरांची तपासणी झाली. ल्युकेमिया विषाणूची खूण २.३ टक्के मांजरांत आणि एफआयव्हीची २.५ टक्क्यांत आढळली. म्हणजे शंभरातली दोन-अडीच. समजा, एक पट्टी निरोगी मांजराला शंभरात अठ्ठ्याण्णव वेळा निरोगीच ठरवते. ऐकायला हे उत्तमच आहे. घरात राहणारी, ठणठणीत दिसणारी हजार मांजरे घ्या. त्यांतली वीस खरोखर बाधित असतील. उरलेल्या ९८० निरोगी मांजरांपैकी दोन टक्के, म्हणजे जवळजवळ वीसच, चुकून बाधित दिसतील. दुसरी रेघ उमटलेल्या चाळीस मांजरांपैकी निम्मी निर्दोष! तीच पट्टी रात्री-अपरात्री मारामाऱ्या करणाऱ्या, कान फाटलेल्या, चेहऱ्यावर जुने व्रण असलेल्या, नसबंदी न झालेल्या बोक्यावर वापरली तर तिच्या रेघेवर विश्वास ठेवायला पुष्कळ अधिक जागा आहे, कारण एफआयव्ही त्याच जातकुळीत अधिक असतो. म्हणजे रेघेचा अर्थ समोरचे मांजर पाहूनच लावावा लागतो. म्हणूनच मांजरांच्या डॉक्टरांच्या अमेरिकन संघटनेने २०२०च्या मार्गदर्शक सूचनांत ल्युकेमिया विषाणूची रेघ आली तर वेगळ्या पद्धतीने तपासून खात्री करा, काही आठवड्यांनी पुन्हा तपासा, आणि केवळ तपासणीच्या निकालावर कोणत्याही मांजराला मारू नका, असे म्हटले आहे.

रेघ खरी ठरली असे धरून चालू. मग मांजर किती जगेल? मला या सगळ्या साहित्यात सर्वांत बोलका वाटतो तो २०१५ साली प्रसिद्ध झालेला एक अभ्यास. त्यात निसर्गतः एफआयव्ही झालेल्या मांजरांचे दोन गट बावीस महिने पाहिले गेले. एक गट शिकागोचा: सतरा मांजरे, प्रत्येक घरात एक किंवा फार तर दोन. दुसरा मेम्फिसचा: सत्तावीस मांजरे, सगळी एकाच घरात, दाटीवाटीने राहणारी. बावीस महिन्यांत शिकागोच्या सतरांपैकी एक मांजर गेले. मेम्फिसच्या सत्तावीसांपैकी सतरा गेली, आणि त्यांत लिम्फोमा हे सर्वाधिक आढळलेले कारण होते. विषाणू दोन्हीकडे एफआयव्हीच. कोणालाही विषाणूवरचे जालीम औषध दिलेले नव्हते. फरक होता तो घराचा. आक्षेप लगेच सुचेल की संख्या लहान आहे, आणि गर्दीच्या घरात दुसरे संसर्ग, कमी आहार, सततचा ताण, कदाचित विषाणूचा वेगळा वाणही असेल. मग श्रेय एकट्या गर्दीला कसे द्यायचे? आक्षेप बरोबर आहे, आणि संख्या लहान आहे हे मी विसरत नाही. पण त्यातल्या वाणाचा अपवाद सोडला तर बाकी सगळ्या गोष्टी, म्हणजे जोडीचे संसर्ग, ताण, अन्नावरची ओढाताण, या गर्दीबरोबरच येतात आणि गर्दी हटली की हटतात. त्यांना गर्दीपासून सुटे करून मोजण्याची गरज संशोधकाला असते. मांजर सांभाळणाऱ्याला नसते. शिवाय हा अभ्यास एकटा नाही. पश्चिम कॅनडातल्या मांजरांच्या २०१० सालच्या अभ्यासात एफआयव्ही असलेल्या आणि नसलेल्या मांजरांच्या आयुष्यमानात लक्षणीय फरक आढळला नव्हता.

उपचाराची सुरुवात मग तोंडापासून करावी. एफआयव्ही झालेल्या मांजराचे हाल बहुधा जबड्याच्या मागच्या कोपऱ्यात सुरू होतात. वरचा आणि खालचा जबडा जिथे मिळतो तिथली कातडी लालभडक, फुगीर, कोबीच्या फुलासारखी खडबडीत होते. स्पर्शाने रक्त येते. मांजर भुकेने वाटीशी येते, वास घेते, तोंड खाली नेते आणि एकदम मागे सरून वाटीवरच फिस्कारते, जणू अन्नानेच त्याला चावा घेतला. कधी घास उचलते आणि मान वाकडी करून टाकून देते. पुढचे पंजे लाळेने तपकिरी झालेले असतात, आणि अंगावरची लव गुंतलेली, कारण चाटणेही दुखते. घरातली माणसे म्हणतात, ‘याचे नखरे वाढलेत, परवापर्यंत खात होता.’ डॉक्टर प्रतिजैविके देतात, चार दिवस बरे वाटते, पुन्हा तेच. यावर सर्वांत परिणामकारक उपाय ऐकायला क्रूर वाटतो: दात काढून टाकणे, निदान मागच्या दाढा तरी, कित्येकदा सगळेच. दाताच्या पृष्ठभागावर साचणाऱ्या जिवाणूंच्या थराशी या मांजरांचे शरीर वेड्यासारखे झगडते. दातच गेले की भांडणाचे कारण जाते. बहुसंख्य मांजरांना यानंतर पुष्कळ आराम पडतो, काही पूर्ण बरी होतात, आणि बिनदातांचे मांजर मऊ भात-मासळीच काय, कोरडे दाणेही गिळून खाते. ‘आधीच प्रतिकारशक्ती कमी, त्यात भूल आणि शस्त्रक्रिया कशी सोसेल?’ ही शंका स्वाभाविक आहे. पण अंगात इतर आजार नसेल तर एफआयव्ही असलेली मांजरे भूल आणि शस्त्रक्रिया नीट सोसतात, आणि महिनोन्‌महिने उपाशी राहणे त्यांना त्याहून कितीतरी जड जाते.

बाकीची काळजी याहून साधी आहे, म्हणून मी ती भरभर सांगतो. नसबंदी, घरातच ठेवणे, पिसवा आणि जंतांवरचे औषध वेळेवर, ठरलेल्या लशी, दर सहा महिन्यांनी तपासणी आणि रक्ताची चाचणी, मांस-मासळी शिजवूनच. हे शेवटचे आपल्याकडे मुद्दाम सांगायला हवे. मुंबईत आणि कोकणपट्टीत मासे साफ करताना डोकी, कल्ले आणि आतडी मांजरापुढे टाकणे हा इतका जुना रिवाज आहे की त्यात गैर काही आहे असे कोणाला वाटत नाही. धडधाकट मांजर ते पचवते. पण प्रतिकारशक्ती खचलेल्या मांजराला कच्च्या मांसातले जिवाणू आणि परजीवी भोवू शकतात. काय द्यायचे नाही याची यादीही तितकीच महत्त्वाची. गजकर्णावरचे ग्रिसिओफुल्विन हे जुने, ओळखीचे औषध एफआयव्ही असलेल्या मांजराच्या अस्थिमज्जेला दाबून पांढऱ्या पेशी धोकादायक रीतीने कमी करू शकते. तिथे दुसरे औषध निवडले पाहिजे. स्टिरॉइडचे इंजेक्शन दिले की सुजलेले तोंड दोन दिवसांत बरे दिसते आणि सगळे खूश होतात, पण उरलीसुरली प्रतिकारशक्ती त्यात जाते. कधी कधी दुसरा इलाज नसतो हे मान्य. सवयीने मात्र ते देऊ नये.

आणि विषाणूवरची औषधे? इथे लोकांची आशा सर्वाधिक असते, म्हणून इथे अधिक थांबायला हवे. झिडोव्ह्युडिन हे औषध, ज्याला सगळे एझेडटी म्हणतात, डेट्रॉइटमध्ये जेरोम हॉरविट्झ यांनी प्रथम बनवले ते १९६४ साली, म्हणजे जॅरेट यांना ग्लासगोत विषाणू दिसला त्याच वर्षी. ते कर्करोगासाठी होते, चालले नाही आणि फडताळात पडून राहिले. एचआयव्हीवर वापरायला त्याला अमेरिकेत मान्यता मिळाली ती १९८७च्या मार्चमध्ये, पेडरसन-यामामोटो यांचा लेख आल्यानंतर महिनाभराने. इतिहासाला अशा जुळण्या करण्याची खोड आहे. त्यांतून काही सिद्ध होत नाही. एझेडटीने एफआयव्ही असलेल्या मांजरांच्या तोंडाची सूज कमी होते आणि टी पेशींचे प्रमाण सुधारते हे दिसून आलेले आहे. पण मात्रा किलोमागे ५ ते १० मिलिग्रॅम, दिवसातून दोनदा. म्हणजे चार किलोच्या मांजराला एका वेळी २० ते ४० मिलिग्रॅम. माणसाची गोळी ३०० मिलिग्रॅमची असते. ती चिरून दिलेला तुकडा अंदाजपंचे दिलेला तुकडा असतो, आणि या औषधाचा मुख्य उपद्रव रक्तक्षय हाच आहे; म्हणून सुरुवातीला दर आठवड्याला रक्त तपासावे लागते. आधीच रक्त कमी असलेल्या ल्युकेमिया-बाधित मांजराला ते देणे म्हणजे आगीतून फुफाट्यात. मुंबईच्या सिप्ला कंपनीने २००१ साली एचआयव्हीच्या तीन औषधांचा वर्षाचा खर्च ३५० डॉलरवर आणून साऱ्या जगाचा हिशेब बदलला. सिप्लाच्या या आपल्या देशात अशी औषधे हाताशी असतात, आणि हाताशी असलेले औषध मांजराला मानवेलच असे अनेकांना वाटते. म्हणून हा इशारा.

युरोपात मांजरांचे इंटरफेरॉन ओमेगा मिळते. २००४ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत ल्युकेमिया विषाणू असलेल्या, काहींत दोन्ही विषाणू असलेल्या, ८१ आजारी मांजरांवर ते वापरून पाहिले. नऊ महिन्यांत औषध मिळालेल्यांपैकी ३९ टक्के आणि न मिळालेल्यांपैकी ५९ टक्के दगावली. फरक लहान नाही. पण त्या चाचणीत विषाणूचे प्रमाण मोजलेच नव्हते, त्यामुळे औषधाने विषाणू हटला की जोडीचे संसर्ग हटले हे तिच्यावरून सांगता येत नाही. जोडीचे संसर्गच हटले असावेत असा माझा कल आहे, आणि तसे असेल तर हाही पुरावा माझ्याच मुद्द्याकडे झुकतो. इथे हल्ली एक नवा प्रश्न हमखास येतो. मांजरांचा एफआयपी हा जीवघेणा आजार आता गोळ्यांनी बरा होतो, मग हे विषाणू का नाहीत? प्रश्न रास्त आहे, कारण त्या यशातही पेडरसन यांचेच नाव आहे: २०१९ साली त्यांच्या गटाने जीएस-४४१५२४ या रेणूने एफआयपी झालेल्या ३१ मांजरांपैकी २५ वाचवली. पण एफआयपीचा कोरोना विषाणू पेशीत राहतो तो पाहुण्यासारखा. त्याची नक्कल थांबवली की तो संपतो. एफआयव्ही आणि ल्युकेमिया विषाणू आपली संहिता थेट मांजराच्या जनुकांत लिहून ठेवतात. पेशी दुभंगली की ती ओळ तिच्याबरोबर दुभंगते. आजचे कोणतेही औषध ती ओळ खोडू शकत नाही. नवी ओळ लिहिणे तेवढे थोपवते. राल्टेग्रॅव्हिर देऊन ल्युकेमिया विषाणूचे प्रमाण खाली आणता आले, आणि औषध थांबताच ते पुन्हा वर गेले.

सर्वांत वजनदार आक्षेप वेगळाच आहे. एक बाधित मांजर वाचवताना दहा निरोगी मांजरांना धोक्यात घालायचे का? इथे दोन विषाणू वेगळे केले नाहीत तर उत्तर चुकते. एफआयव्ही पसरतो तो मुख्यतः खोल चाव्यातून. एका वाटीत खाणे, एकमेकांना चाटणे, शेजारी झोपणे यांतून तो क्वचितच जातो, आणि शरीराबाहेर तो फार टिकत नाही, साबणाने मरतो. अमेरिकेतल्या दोन निवाऱ्यांत बाधित आणि निर्बाधित मांजरे एकत्र ठेवून केलेल्या, २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात एकही नवा संसर्ग आढळला नाही. म्हणजे घरातल्या मांजरांचे आपसांत पटत असेल, सगळ्यांची नसबंदी झालेली असेल, तर एफआयव्ही असलेल्याला हाकलण्याचे कारण उरत नाही. न पटणाऱ्या, रोज झोंबणाऱ्या मांजरांची गोष्ट वेगळी. आपल्या सोसायट्यांच्या आवारांत आणि मासळी बाजारांत फिरणाऱ्या मांजरांच्या बाबतीत तर बोक्याची नसबंदी हीच एफआयव्हीची लस समजावी: मारामारी कमी, चावे कमी, विषाणू कमी. एका बाधित बोक्याला मारून ती जागा मोकळी केली तर तिथे दुसरा, नसबंदी न झालेला बोका येतो, आणि हद्दीसाठी मारामाऱ्या नव्याने सुरू होतात.

ल्युकेमिया विषाणूच्या बाबतीत मी इतका निर्धास्त नाही. तो लाळेतून जातो, चाटण्यातून जातो, आईकडून पिल्लांत जातो, आणि पिल्लांना तो सर्वांत बाधतो. १९७३ साली न्यूयॉर्कमध्ये विल्यम हार्डी यांनी त्याची तपासणी विकसित केली. त्यानंतर बाधित मांजरे शोधून वेगळी काढण्याच्या मोहिमेने आणि १९८५पासूनच्या लशीने पाश्चात्त्य देशांत हा रोग खूप मागे हटला. ज्यांना ‘तपासा आणि काढा’ हे धोरण आजही पटते त्यांच्या बाजूने हा इतिहास आहे, आणि तो खरा आहे. पण त्यात रोग हटला तो वेगळे काढण्याने. ‘काढणे’ या शब्दाचा अर्थ पुढे ‘मारणे’ असा का होत गेला, याला वैद्यकीय कारण नव्हते. जागेचे आणि पैशाचे होते. बाधित मांजर वेगळ्या खोलीत, एकटे किंवा दुसऱ्या बाधित मांजराबरोबर राहिले तरी साखळी तुटतेच. शिवाय सगळ्या बाधितांचे भविष्य एक नसते. काहींचे शरीर विषाणूला दाबून टाकते. तो जनुकांत दडून राहतो, रक्तात मोकळा फिरत नाही, आणि मांजर वर्षानुवर्षे बरे राहते. ज्यांच्या रक्तात तो सतत असतो त्यांतली बहुतेक निदानानंतर सुमारे तीन वर्षांत जातात. रक्तातल्या विषाणू-प्रथिनाचे आणि जनुकांतल्या नोंदीचे प्रमाण मोजून हे दोन गट आता बऱ्यापैकी ओळखता येतात. आपल्याकडे सहसा दिल्या जाणाऱ्या मांजरांच्या एकत्रित लशीत ल्युकेमियाची लस नसते, म्हणून इथे नवे मांजर घरात आणण्यापूर्वी तपासण्याचे महत्त्व तिकडच्यापेक्षा अधिक. एखाद्या निवाऱ्याकडे वेगळी खोलीच नसेल, तीस पिंजऱ्यांत साठ मांजरे असतील, तर तिथले लोक कोणता निर्णय घेतात यावर बाहेरून तोंडसुख घेणे मला योग्य वाटत नाही. माझी तक्रार आहे ती खोली असताना, घर असताना, मांजर खात-पीत असताना केवळ रेघ पाहून घेतलेल्या निर्णयाबद्दल. जे मांजर श्वासासाठी झगडते आहे, खात नाही, ज्याची वेदना कशानेच आवरत नाही, त्याला शांत मरण द्यावे. तो निर्णय त्या मांजराकडे पाहून घेतला जातो आणि त्यासाठी पट्टीची गरज नसते.

पुस्तकाच्या शेवटी तारीख आणि वजन लिहिण्यासाठी एक कोरा तक्ता जोडला आहे. वाचक बहुधा तो उलटून पुढे जातील, म्हणून त्याबद्दल दोन शब्द. चार किलोच्या मांजराचे वजन दोनशे ग्रॅमने उतरले तर डोळ्यांना ते कळत नाही, लवेखाली दडते; पण साठ किलोच्या माणसाने तीन किलो गमावण्यासारखे ते आहे. तोंड दुखू लागणे, आतड्यातली गाठ, मूत्रपिंड, रक्तक्षय, यांतले काहीही असले तरी पुष्कळदा पहिली खबर काटाच देतो, ताप किंवा लाळ दिसण्याच्या कितीतरी आधी. माणसांचा काटा यासाठी चालत नाही. त्याला शंभर ग्रॅमची पर्वा नसते. बाळांचा काटा किंवा किराणा मोजायचा सपाट काटा घ्यावा, त्यावर पुठ्ठ्याचे खोके ठेवून आकडा शून्यावर आणावा आणि खोके तसेच राहू द्यावे. रिकामे खोके दिसले की मांजर स्वतःहून त्यात जाऊन बसते.